दिवसभरात नको दोनदाच

त्या रविवारी मी जिंकलो. तीन डाव खेळलो, तिन्ही जिंकले.

आता हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मी लिहिलेलं नाही. आमच्या वहीत त्या तारखेसमोर कस्तुरीच्या अक्षरात 'सामने झाले नाहीत, जेवणं झाली' असं लिहिलंय. खाली सहा जणांच्या सह्या आहेत, त्यातली एक माझी. तेव्हा मी जिंकलो वगैरे काही नाही. पुढं चला.

"पुढचा रविवार शेवटचा. त्यानंतर मी येणार नाही," त्याच्या आदल्या रविवारी धुंड्या म्हणाला.

"ते नंतर. आधी ऊठ," मुबीन म्हणाला. "तू बसलायस तो भोपळा तानपुऱ्याचा आहे."

धुंड्या उठला, भोपळ्याला हात लावून नमस्कार केला आणि शेजारच्या पोत्यावर जाऊन बसला.

हे सगळं मिरजेत, मुबीनच्या घरच्या कारखान्याच्या माडीवर. खाली त्याचे चाचा तानपुरे आणि सतारी घडवायचे, वर वाळलेले भोपळे ठेवायचे. दीडेकशे भोपळे आणि आम्ही सहा जण. भोपळे गप्प बसायचे, आम्ही 'नऊ गड' खेळायचो.

'नऊ गड' तुम्हाला माहीत असण्याची शक्यता नाही. पुण्यातल्या 'तटबंदी गेम्स' नावाच्या कंपनीनं काढलेला जमवायच्या पत्त्यांचा खेळ. पंधरा पत्त्यांचं बंद पाकीट विकत घ्यायचं, आत काय निघेल ते नशीब. सरदार निघायचे, हत्ती निघायचे, फितूर निघायचे, आचारी-बाजारबुणगे निघायचे आणि रसद निघायची. रसद कुणालाच नको असायची. पत्त्यावर नुसतं ज्वारीचं एक पोतं. पण सरदार असो, हत्ती असो, प्रत्येकाला दर खेपेला एक रसद खायला घालावी लागे, नाहीतर तो जिंकलेला गड सोडून घरी निघून जाई. नऊपैकी पाच गड घेतले की डाव आपला.

आम्ही ड्राफ्ट खेळायचो. गोल बसून प्रत्येकानं एक पाकीट फोडायचं, त्यातला एक पत्ता आपल्याला ठेवायचा, उरलेले डावीकडच्याला सरकवायचे. उजवीकडून आलेल्यातून परत एक उचलायचा, परत सरकवायचं. अशी दोन-दोन पाकिटं संपून तीस पत्ते जमले की त्याचा डेक आणि मग दोघादोघांत लढाई.

तिसऱ्या आवृत्तीनंतर कंपनी बंद पडली आणि पाकिटं मिळेनाशी झाली. मग आम्ही सगळ्यांचे पत्ते एका ट्रंकेत ओतले. आता पाकिटं कशी बांधायची, कुणी कधी काय उचलायचं, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे मी घेतलं. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, त्यामुळं वेळ भरपूर होता.

माझे फॉरमॅट गाजायचे. एसटी ड्राफ्टमध्ये सगळे पत्ते मधोमध पसरलेले असायचे आणि लांबून रुमाल टाकून जागा धरायची. तलाठी ड्राफ्टमध्ये पत्ता घ्यायचा तर तिघांच्या सह्या लागायच्या. त्या दिवशी दुपारी चारपर्यंत कुणाकडेच एकही पत्ता नव्हता आणि आवटी बंधू जेवायच्या सुट्टीवर गेले होते ते आलेच नाहीत. आवटी बंधू म्हणजे जुळे. आम्ही त्यांना एकच धरायचो, पण जागा दोन लागायच्या.

तर मी, मुबीन, दोन आवटी, कस्तुरी घोरपडे आणि धुंड्या, असे सहा. पाचांत लढाईला जोड्या लागत नाहीत, एकाला भोपळ्यांशी बोलत बसावं लागतं. त्यामुळं धुंड्या गेला की संपलं. आणि धुंड्या चौथीपासून माझ्या बाकावर होता, हेही होतंच.

"का येणार नाहीस?" मी विचारलं.

"मला जमत नाही रे इथं," तो म्हणाला आणि चपला घालून गेला.

मी वही उघडली. एकतीस रविवार झाले होते. कस्तुरीनं एकोणीस जिंकले होते. धुंड्याच्या नावासमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं होती, इतकी सरळ की पट्टी ठेवून काढल्यासारखी. रविवार तर नाहीच, पण एक डावसुद्धा नाही.

"त्र्याण्णव डाव," मी म्हणालो. "त्र्याण्णव डाव हरल्यावर मी काय, भोपळासुद्धा उठून गेला असता."

"मग एकदा जिंकव की त्याला," कस्तुरी म्हणाली. ती फिजिओथेरपी शिकत होती आणि माणसाचा खांदा कुठं दुखतो ते दाबून बघायची तिला सवय होती. "तू फॉरमॅटवाला ना?"

"तू हरशील?"

"मुद्दाम? मी? सन्मत्या, मी घरी आजारी मामांबरोबर कॅरम खेळते, तेव्हापण हरत नाही."

म्हणजे काम माझ्यावरच आलं. मला त्याचं काही वाटलं नाही. धुंड्या हरतो तो निवड चुकते म्हणून, असं माझं ठाम मत होतं. मग निवडच काढून टाकायची. ज्यात त्याच्या हातात आपोआप उत्तम डेक पडेल आणि कुणाला शंका येणार नाही, असा फॉरमॅट हवा. तो मला मंगळवारी, मेकॅनिक्सच्या तासाला सुचला. मी तिथंच लिहून काढला आणि सरांनी 'छान नोट्स घेतोयस' म्हणून शाबासकी दिली.

पंगत ड्राफ्ट.

धुंड्याचं घर म्हणजे 'मेहेंदळे भोजन व्यवस्था'. लग्नं, मुंजी, वास्तुशांती. मुहूर्त असला की आमचा रविवार रद्द, इतकं ते घर कामात. तेव्हा पंगत म्हटलं की हा खुलणार, असा माझा हिशेब.

नियम साधे. पाच जण ओळीत मांडी घालून बसणार, पुढ्यात एकेक पान. सहावा वाढपी. तो पत्त्यांची थप्पी घेऊन ओळीनं फिरणार, वरचा पत्ता दाखवून 'वाढू?' विचारणार. 'वाढा' म्हटलं की पत्ता पानात. 'नको' म्हटलं की तो वाढप्याकडे परत आणि बदली पत्ता थप्पीच्या तळातून. पानात पडलं ते टाकायचं नाही, डेकमध्ये घालावंच लागेल. सगळ्यांची पानं भरली की तळाशी उरेल ते वाढप्याचं. आणि कलम सात: 'दिवसभरात "नको" दोनदाच म्हणता येईल. त्यानंतर कुणी तीनदा आग्रह केला तर घ्यावेच लागेल.' 'दिवसभरात' हा शब्द मी नुसता वजनासाठी घातला होता. कागदावर बरा दिसत होता.

खरी गोम थप्पीत होती. शनिवारची सगळी दुपार घालवून मी एकशेऐंशी पत्ते असे लावले की तिसऱ्या पानावर दर खेपेला तूप पडावं. चांगले सरदार, नगाऱ्याचा हत्ती आणि बरोबर बेताची रसद. बाकीच्या चार पानांवर मोठमोठे सरदार, पण खायला काही नाही. आणि तळाशी, जे वाढप्याच्या वाट्याला येणार तिथं, नुसती रसद आणि दोन बाजारबुणगे. वाढपी मी होणार होतो. मी स्वतःसाठी पोतीच्या पोती ज्वारी राखून ठेवली होती. त्यागाची इतकी व्यवस्थित मांडणी मी पुन्हा कधी केली नाही.

रविवारी माडीवर मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं मांडली. नावं टाकून जागा दिल्या. धुंड्याला तिसरी, ऑगस्ट महिन्याची.

"हे काय?" तो म्हणाला.

"तू बस. आज तू पाहुणा."

तो बसला. पण कसा, तर परीक्षेला बसल्यासारखा. मांडी घातली, सोडली, परत घातली. मी थप्पी घेतली, पहिल्या आवटीपुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "वाढू?"

"वाढा."

मी वरून पत्ता टाकला. तो पानाबाहेर पडला. दुसऱ्या आवटीकडं जाताना माझा पाय पहिल्याच्या पानाला लागला.

"पान ओलांडतोस काय?" धुंड्या म्हणाला.

"कॅलेंडर आहे रे ते."

"असू दे. मांडलंय ना?"

मी दुसऱ्या आवटीला सरदार वाढला.

"पहिल्यांदा हे?" धुंड्याचा आवाज चढला. "मीठ कुठंय? आधी बारीकसारीक वाढायचं असतं. लिंबू, चटणी. आल्याआल्या जिलबी वाढतात होय?"

"धुंड्या, हे पत्ते आहेत."

"आणि वाक की जरा! वरून काय टाकतोयस? कावळ्याला टाकतोस तसं?"

"तू पाहुणा आहेस," मी दात आवळून म्हणालो. "पाहुणे बोलत नाहीत."

मी त्याच्यासमोर आलो. वरचा पत्ता म्हणजे त्याच्या आयुष्यातला पहिला विजय होता. मी तो पुढं केला. त्यानं पत्त्याकडं पाहिलंच नाही, माझ्या हाताकडं पाहिलं. मग उठला, माझ्या हातातली थप्पी काढून घेतली आणि मला खांद्याला धरून ऑगस्ट महिन्यासमोर बसवलं.

"बस. बघवत नाही."

"अरे, पण जागा ठरल्यात! नावं टाकलीत!"

"नियमात कुठं लिहिलंय वाढपी बदलायचा नाही म्हणून?" कस्तुरी म्हणाली. तिनं कागद हातात घेतला होता. मी कधी नव्हे ते स्पष्ट लिहिलं होतं आणि त्यात हे नव्हतं.

मग धुंड्या वाढायला लागला.

मी या माणसाला चौथीपासून ओळखत होतो, पण त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. कमरेत वाकून, डावा हात पाठीशी, पान न ओलांडता, एकाला दोन क्षण, दुसऱ्याला दोन क्षण. प्रत्येकाला काहीतरी बोलत. "घ्या आवटीशेठ, गरम आहे." "मुबीन, हा तुझ्यासाठीच ठेवला होता बघ." "सावकाश होऊ द्या, सावकाश." एकतीस रविवार जो माणूस तोंडातून अक्षर काढत नव्हता, तो पत्ते वाढताना विनोद करत होता आणि मुबीन हसून भोपळ्यावर आपटत होता. त्याचा स्वतःचा भोपळा, म्हणून कुणी काही बोललं नाही.

माझ्या पानावर तूप पडत होतं. धोऽ धो.

"नको," मी पहिल्या हत्तीला म्हणालो.

"का? बाधतो?"

"नकोच."

पुढच्या खेपेला त्याहून मोठा सरदार आला. "नको," मी परत म्हणालो.

"दोन झाले," कस्तुरी म्हणाली. तिला असले हिशेब विचारावे लागत नाहीत.

परत आलेले ते दोन्ही पत्ते धुंड्यानं आवटींच्या पानांवर जास्तीचे म्हणून वाढून टाकले. त्यानंतर मी गप्प गिळत राहिलो. शेवटी सगळ्यांची पानं भरली, धुंड्यानं तळाची थप्पी उचलली आणि भिंतीशी उकिडवा बसून बघितली. ज्वारी, ज्वारी, ज्वारी, बाजारबुणगा, ज्वारी.

"काय आलंय रे?" मी विचारलं.

"मस्त आहे," तो म्हणाला. आणि मला त्याचा राग आला, कारण त्याला ते खरंच मस्त वाटत होतं.

लढाया सुरू झाल्या. माझा डेक मीच बांधलेला असल्यानं अजिंक्य होता. मी एका आवटीला हरवलं आणि मुबीनला हरवलं, दोघांचेही सरदार उपासमारीनं घरी गेले. पलीकडे धुंड्या दुसऱ्या आवटीशी आणि मग कस्तुरीशी हरला. त्यांच्या कोपऱ्यातून कस्तुरीचा आवाज आला, "अरे, हे काय करतोयस? असं चालतं?" आणि धुंड्या म्हणाला, "मूळ नियमात आहे. पान अकरा." मी लक्ष दिलं नाही. मी पुढचं बघत होतो. शेवटचा डाव माझा आणि त्याचा होता.

म्हणजे अजून संधी होती. रविवार गेला तरी एक डाव तरी! मी हरायचं ठरवलं आणि मी जे ठरवतो ते नीट करतो. पहिल्याच खेपेला सगळी रसद उधळली. रिकाम्या गडावर हत्ती पाठवला, भरल्या गडावर आचारी पाठवला. तरी पत्ते इतके चांगले होते की चार गड माझे झाले. पण धुंड्याचे दोन्ही बाजारबुणगे पोटभर खाऊन सावकाश चालत होते, माझे उपाशी सरदार सोडून जातील तो गड उचलत होते. त्याचेही चार झाले. माझ्याकडे फक्त हत्ती उरला, नवव्या गडाच्या दारात. आणि माझी रसद संपली होती. हत्तीला या खेपेला खायला मिळालं नाही की तो जाणार आणि नववा गड धुंड्याचा.

बाकीचे भोवती जमले होते. आवटी श्वास धरून होते, दोघांत मिळून एक.

"माझं झालं," मी म्हणालो आणि हात वर केले. "रसद नाही."

धुंड्यानं आपल्या थप्पीतून एक पत्ता काढला आणि माझ्यासमोर ठेवला. ज्वारीचं पोतं.

"घे."

"हे काय?"

"पान अकरा. आपली रसद कुणालाही देता येते."

"ते मित्रफौजेसाठी आहे! मी शत्रू आहे तुझा!"

"घे रे. हत्ती उपाशी आहे."

"नको."

"तुझे दोन 'नको' सकाळीच झालेत," कस्तुरी म्हणाली.

"ते वाटण्याच्या वेळचं! आता लढाई चाललीय!"

तिनं कागद डोळ्यांसमोर धरला. "कलम सात. 'दिवसभरात.' अक्षर तुझंच आहे." मग खिडकीकडं पाहिलं. "दिवस आहे अजून."

"धुंड्या," मी खाली वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "मूर्खा, नुसता गप्प बस. तू जिंकतोयस."

"दिसतंय की मला. घे."

"एक झाला," कस्तुरी म्हणाली.

"धुंड्या, हात जोडतो."

"माझ्यासाठी एक घे."

"दोन."

"चौथीपासूनची शपथ आहे तुला."

तो कमरेत वाकला, डावा हात पाठीशी घेतला आणि पत्ता माझ्या हत्तीच्या पुढ्यात अगदी हलक्या हातानं ठेवला. "घ्या हो. एवढ्यानं काय होतंय?"

"तीन," कस्तुरी म्हणाली. पण या वेळी हळू.

हत्ती जेवला. नववा गड माझा झाला. मी जिंकलो, आणि माझ्या उभ्या आयुष्यात माझा इतका दारुण पराभव झाला नव्हता.

खाली चाचा एक तार लावत होते, ती दोनदा वर गेली आणि जागेवर बसली.

"तुला जिंकायचं नव्हतं तर येत कशाला होतास इतके दिवस?" मी ओरडलोच. "आणि हरून कंटाळला नाहीस, तर सोडून का चाललायस?"

"हरायचं काय रे," तो पत्ते गोळा करत म्हणाला. "ते सरकवणं जमत नाही मला. पंधरा पत्ते हातात येतात, त्यातला चांगला आपण ठेवायचा आणि उरलेलं उष्टं शेजाऱ्यापुढं करायचं. आमच्यात असं केलं तर बाबा जेवायला देणार नाहीत. मी तर पहिल्या पंगतीला कधी बसलेलोही नाही. मला हात पुढं करायची लाज वाटते."

"मग तू काय ठेवायचास?"

"उरेल ते. चांगला पुढं द्यायचो."

मी कस्तुरीकडं पाहिलं. कस्तुरीनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती बहुतेक रविवारी धुंड्याच्या डाव्या हाताला बसली होती. मी वही उघडायला घेतली तर तिनं वहीवर हात ठेवला.

"बारा वेळा मी सर्दीमुळं खिडकीजवळ बसले होते," ती म्हणाली. "ते बारा मी हरले. माझ्या लक्षात आहे. उघडू नकोस."

मग तिनंच वही ओढून घेतली, त्या दिवसाची नोंद लिहिली आणि आम्ही सह्या केल्या.

उतरताना जिन्यात धुंड्या मला म्हणाला, "थप्पी लावलेली होतीस ना?"

"नाही."

"सगळं तूप तिसऱ्याच पानावर पडतंय हे वाढप्याला कळत नाही होय?"

"म्हणून उठलास?"

"नाही रे," तो म्हणाला. "मीठ वाढलं नव्हतंस म्हणून उठलो."

तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही. अडीच वर्षं आम्ही पंगतच खेळलो, वाढपी कायम तो. कस्तुरी आमच्यासारखी कधी जिंकायची, कधी हरायची. मग एकेक जण नोकरीला बाहेर पडला आणि भोपळ्यांना जागा झाली.

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका कार्यालयात धुंड्याचं लग्न झालं. आम्ही पाचही जण पहिल्या पंगतीला बसलो होतो. मीठ वाढायच्या आधी कुणीतरी जिलबी आणली. समोरून मुंडावळ्या बांधलेला नवरदेव तरातरा आला, वाढप्याच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि कमरेत वाकला. त्याची बायको वैदेही लांबून बघत होती, तिनं कपाळावर हात मारला.

"वाढू?" तो म्हणाला.

"तू जेवलास का?" मी विचारलं.

"सगळ्यांचं होऊ दे. मग बसतो."

दुसऱ्या दिवशी मी पुढील अर्ज टपालात टाकला.

प्रति,
मा. नियम विभाग, तटबंदी गेम्स, पुणे.
(सदर गाळ्यात सध्या उसाच्या रसाचं दुकान असल्याचं समजतं. रसवाल्यांनी कृपया पुढे पाठवावे.)

विषय: 'नऊ गड'च्या चौथ्या आवृत्तीत कलम समाविष्ट करण्याबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, नियमावलीत पुढील कलम तातडीने घालण्यात यावे: 'वाढणाऱ्याने आधी जेवावे.' 'सगळ्यांचं होऊ दे, मग बसतो' ही सबब कोणत्याही परिस्थितीत ग्राह्य धरण्यात येऊ नये. तीन आग्रहांनंतरही वाढपी न बसल्यास त्याला दंडाला धरून तिसऱ्या पानावर बसवण्याचे अधिकार अर्जदारास देण्यात यावेत. सदर कलम मागील तारखेपासून, म्हणजे वहीत सामने झाले नाहीत अशी नोंद असलेल्या त्या रविवारपासून, लागू समजण्यात यावे.

आपला,
सन्मती मगदूम

सोबत: रसदेचा पत्ता, एक. परत द्यायचा राहून गेलेला.